पोवाचं जांभूळ

महिन्याचा पहिला रविवार जवळ आला, की त्याआधीच्या गुरुवारी मुगा नोथू डुकरांच्या खोपटामागच्या दगडावर चढायची. उत्तर थायलंडच्या डोंगरातल्या थीक्लो गावात फोनला रेंज येते ती तेवढ्या एका दगडावर. मुगा म्हणजे वयानं मोठी कुठलीही बाई, मावशी म्हणा, आत्या म्हणा. पण थीक्लोत नुसतं ‘मुगा’ म्हटलं की नोथूच. चिआंग माई शहर जितकं लांब तितका आवाज मोठा हवा, अशी तिची समजूत होती. त्यामुळे तिचा फोन खालच्या आळीलाही ऐकू जायचा, आणि डुकरं तर गुरुवार ओळखायलाच लागली होती.

“हॅलो! कोण? मी! मी कोण म्हणजे? तुझी नाळ कापली ती!”

पलीकडून कुणीतरी चाचरत सांगायचं, मुगा, या रविवारी नाही जमत, पोराची परीक्षा आहे.

“पोराला दे.”

पोर घाबरत घाबरत फोनवर यायचं.

“कसली परीक्षा रे?”

“गणिताची.”

“बरं. तुझ्या झाडाला किती फांद्या?”

पलीकडे सामसूम.

“नापास. रविवारी ये. बापाला घेऊन ये, तोही नापास आहे.”

मोकळ्या हवेत या, डोंगर बघायला या, असलं ती कधी कुणाला म्हणाली नाही. तिचं एकच वाक्य असायचं, “झाड विचारत होतं.” आणि शहरात कुणी हॉटेलात भांडी घासणारा, कुणी इमारतीवर विटा चढवणारा, कुणी शिवणाच्या दुकानात बटणं लावणारी, ही सगळी पगेन्यॉ, म्हणजे डोंगरातली कॅरेन माणसं ते वाक्य ऐकलं की रविवारी पोरांना मोटारसायकलवर पुढेमागे बसवून वर यायची.

मुगाचं अख्खं आयुष्य नाळा कापण्यात गेलं. आई सुईण होती, तिच्या हाताखाली नोथू शिकली. एकोणिसाव्या वर्षी पहिलं बाळंतपण एकटीनं केलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत त्र्याऐंशी. बांबूच्या पात्यानं नाळ कापायची, आठ-दहा दिवसांनी बाळाच्या बेंबीवरचा वाळका तुकडा गळून पडला की बापानं तो बांबूच्या नळीत घालायचा, बूच मारायचं, आणि गावाच्या वरच्या रानात एक धडधाकट झाड बघून त्याला बांधायचा. त्या दिवशी गावात कुणी कोयता उचलत नाही. बापाच्या मागं सुईण जाते, पाहायला. पाहणारं कुणीतरी लागतंच, कारण बांबू दोन-तीन पावसांत कुजून गळून पडतो. मग राहतं ते झाड, आणि ज्यानं बांधलं नि जिनं पाहिलं त्यांची आठवण. पोराचा निम्मा जीव त्या झाडात असतो. ते झाड कुणी तोडत नाही.

पुढे आरोग्य केंद्रातली परिचारिका वर आली आणि म्हणाली, मुगा, यापुढे घरी बाळंतपण नको. नोथूनं वाद घातला नाही. तिच्या हातून दोन बाया गेल्या होत्या. त्या तिला रोज आठवायच्या, कुणी आठवण करून द्यायची गरज नव्हती. तिनं बांबूचं पातं छपराच्या गवतात खोचून ठेवलं, ते कायमचं.

तेव्हापासून पोरं खाली जिल्ह्याच्या दवाखान्यात, नाहीतर शहरात जन्माला यायला लागली. आईबापांना सुट्टी नाही, बेंबीचा तुकडा भाड्याच्या खोलीत कुठंतरी गळायचा, केरात जायचा. रानातली झाडं वाढत होती, पण त्यांना पोरं मिळेनाशी झाली.

आणि ज्यांना झाडं होती त्यांची तऱ्हा काय? एकदा नव्या वर्षाच्या सुट्टीत तिच्याच हातून जन्मलेली एक सहा वर्षांची मुलगी शहरातून आली, घराच्या शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिली आणि पाय खाली ठेवेना. “खाली घाण आहे.” खाली माती होती. नुसती माती. मुगानं तिचं मनगट धरलं, ओढत वर रानात नेलं, तिच्या फणसाखाली बसवलं आणि स्वतः समोर बसली. मुलगी अर्धा तास रडली. मग हुंदके देत एका मुंगळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “ह्याच्या तोंडात काय आहे?” त्या दिवशी मुगाला नवीन काम मिळालं.

नियम तिनंच ठरवले. प्रत्येक पोरानं आपल्या झाडापाशी जायचं, आईबापानं बरोबर बसायचं. बोलायचं नाही. फोन नाही. पुडीतला भात उघडेपर्यंत नुसतं बघायचं. झाडाचं काही तोडून आणायचं नाही. आणायची ती एक गोष्ट. आज झाडानं काय केलं ते खाली येऊन सगळ्यांसमोर सांगायचं. पोरं दोन-तीन रविवारांत शिकली. चुळबुळ करायचे ते बाप. एक जण लघवीच्या निमित्तानं चार वेळा उठायचा आणि झुडपामागं फोन धरलेला हात उंच करून रेंज शोधायचा. मुगा लांबून ओरडायची, “अरे, हात खाली कर, गिधाडं बसतील!”

ज्यांना झाड नाही त्यांनी मात्र रानाच्या वाटेवरच्या ओढ्यापाशी थांबायचं. हाही मुगाचाच नियम.

तो सर्वांत जास्त बोचायचा तो मूसेला. मूसे ही मुगाच्या शेजारची विधवा. रस्त्याच्या वळणाला लागून तिची भाताची खाचरं, आणि जिभेला धार. तिच्या दोघी नाती, सात वर्षांची एपो आणि पाच वर्षांची लेमी, शहरात जन्मल्या होत्या. आईबाप तिकडेच, मुली आजीकडे. दर अशा रविवारी त्या सगळ्यांबरोबर ओढ्यापर्यंत जायच्या आणि तिथल्या मोठ्या दगडावर तीन तास बसून राहायच्या.

“का गं नोथू,” मूसे म्हणायची, “माझ्या नातींचे पाय ओढ्याच्या पलीकडे चालत नाहीत वाटतं?”

“चालतील की. पण जातील कुणाकडे?”

“तुझ्या नातीला, पोवाला, बरं झाड मिळालं. तीही शहरातच जन्मली ना?”

“तिच्या बापाला लाज होती. तो नळी घेऊन आला.”

 मूसे पानाची पिंक टाकून आत जायची.

मुगाचा मुलगा चीदो शहरात बर्फाच्या कारखान्यात होता. बायको नोमी शिवणकाम करायची. नऊ वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात पोवा झाली, आणि बाराव्या दिवशी चीदो नळी घेऊन एकटाच वर आला. मुगा त्याच्या मागोमाग गेली. पण तो वरच्या रानात शिरलाच नाही. खालीच, रस्त्याच्या वळणावर एक जांभूळ होतं, त्याला त्यानं नळी बांधली.

“इथं का रे? वर चल की, चांगलं दाट आहे.”

“इथून रस्ता दिसतो आई. गावात येताना तिला आधी तिचं झाड दिसेल.”

मुगाला ते इतकं आवडलं, की वर्षभर ती येईल-जाईल त्याला ते वाक्य चीदोच्या आवाजात, मान खाली घालून, अडखळत म्हणून दाखवायची.

पोवा चार वर्षांची असताना जळवांना घाबरून बापाच्या मानेवरून उतरायची नाही. पाचव्या वर्षी तिनं जांभळाला मिठी मारून पाहिली, हात पोचले नाहीत. सातव्या वर्षी तिला ठाऊक होतं, की तिसऱ्या फांदीवर तांबड्या मुंग्यांनी पानं शिवून घर केलंय आणि कोकिळा येते ती पलीकडच्या बाजूनं येते. खाली येऊन सांगायची पाळी आली की इतर पोरं फुशारक्या मारायची, माझ्या झाडावर साप होता, माझ्या झाडावर वाघाचे ओरखडे होते. पोवा म्हणायची, “आज त्यानं काहीच केलं नाही. पण मी बघत होते.” मुगा तेव्हा तोंड फिरवून उगाचच कुणालातरी रागवायची.

आता रस्त्याचं. थीक्लोचा रस्ता त्या वळणावर इतका अरुंद, की पावसाळ्यात रुग्णवाहिका तिथंच अडायची. गेल्या पावसाळ्यात एका अडलेल्या बाईला घोंगडीची झोळी करून चार माणसांनी खाली नेलं. मुगा तिचा हात धरून बरोबर चालली. बाई वाचली, बाळ त्या वळणापाशी गेलं. दुसऱ्या दिवशी रस्ता रुंद करण्याच्या अर्जावर पहिला अंगठा मुगानं उठवला.

थंडीत मंजुरी आली आणि उन्हाळ्याच्या शेवटी मोजणीवाला आला. त्यानं दोरी धरली, डोकं खाजवलं आणि सांगितलं, की वळण रुंद करायचं तर एका बाजूचं काहीतरी जाणार. डोंगराकडून जांभूळ, नाहीतर उताराकडून मूसेची खालची दोन खाचरं. “तुम्ही आपापसात ठरवा आणि मला एक बाजू सांगा,” म्हणाला, आणि जांभळाच्या बुंध्याला आठवणीसाठी लाल रंगाचा पट्टा ओढून गेला.

गावाचा हीखो, म्हणजे रीतीभातीचं बघणारा म्हातारा वडीलधारा, त्यानं फार विचार केला नाही. “नाळेचं झाड आहे. मग प्रश्नच कुठं येतो? खाचरं जातील.”

सगळ्यांनी मूसेकडे पाहिलं. आता ही तोंड सोडणार. मूसे बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. “नाळेचं असेल तर मी काय बोलणार?” एवढंच म्हणाली. त्या दोन खाचरांचा भात तिला आणि नातींना वर्षातले पाच महिने पुरायचा, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

रीत अशी, की झाडाचा असा निवाडा करायचा तर बापानं बुंध्यावर तळवा ठेवून नाळ बांधल्याचं सांगायचं, पाहणारीनं पाहिल्याचं सांगायचं, आणि हीखोनं मुळाशी तांदळाची दारू ओतायची. ते येत्या रविवारी करायचं ठरलं. नाहीतरी सगळी मंडळी येणारच होती.

चीदो, नोमी आणि पोवा शनिवारीच आली. रविवारी उजाडताना मुगा घराखालच्या उखळावर भात कांडत होती. लांब लाकडाच्या एका टोकावर पाय द्यायचा, की दुसऱ्या टोकाचं मुसळ वर जातं. पाय काढला की धाडकन खाली. मुसळ वर असतानाच्या क्षणात समोर बसलेल्यानं हात घालून दाणे फिरवायचे. चीदो न सांगता येऊन समोर बसला.

“हात सांभाळ. बर्फवाल्यांना सवय राहत नाही.”

धाड. हात आत, हात बाहेर. धाड.

“आई.”

“हं.”

“त्या नळीत काही नव्हतं.”

मुगाचा पाय दांड्यावर होता तो तिथंच राहिला. मुसळ वर अधांतरी.

चीदोचा हात उखळातच होता. त्यानं तो काढला नाही. खाली बघतच त्यानं सांगून टाकलं. बेंबीचा तुकडा आठव्या दिवशी गळला. उन्हाळा होता, बर्फाला मागणी होती, मालकानं सुट्टी दिली नाही. तुकडा त्यानं मलमाच्या रिकाम्या डबीत घालून फळीवर ठेवला. बाराव्या दिवशी सुट्टी मिळाली. डबी उघडली तर झाकण सैल, आत काही नाही.

“उंदीर असेल. मुंग्या असतील. मी गादी झटकली, मोरी बघितली, सगळी खोली पालथी घातली. नोमी रडायला लागली. तुला फोनवर सांगून बसलो होतो, की आणतोय. मग मी... कापूस घातला.”

“कापूस.”

“थोडा.”

“थोडा,” मुगा म्हणाली.

“म्हणून वर नाही गेलो आई. वरच्या झाडांत ती नळी बांधायची छाती झाली नाही.”

वर घरात नोमी पोवाचे केस विंचरत होती. पोवा ओरडत होती, “आई गं, हळू! झाडाकडे जायचंय, लग्नाला नाही!”

चीदो हलक्या आवाजात म्हणाला, “मी आज हात ठेवतो. बांबू कधीच कुजला. तुला काही खोटं बोलावं लागणार नाही. तू बांधताना पाहिलंस, तेवढंच सांग. ते खरंच आहे.”

“आणि मूसे?”

“तिची वरची खाचरं आहेत.”

मुगानं सावकाश पाय सैल केला, इतका सावकाश, की मुसळ चीदोच्या बोटांजवळ आवाज न करता टेकलं. “हात काढ,” ती म्हणाली. “पोराबाळांची न्याहारी व्हायचीय.”

त्या दिवशी बारा कुटुंबं आली होती. मुगा पुढे, मागे पोरं, त्यांच्या मागे नव्या बुटांतले बाप. ती नेहमीसारखी कुणावर ओरडली नाही, तेव्हा बायका एकमेकींत कुजबुजल्या, मुगाला बरं नाही वाटतं.

तिला एकच शब्द उच्चारायचा होता. पाहिलं. आणि तो खरा होता. तिनं पाहिलं होतं, नळी, दोरी, गाठ, चीदोच्या मानेवरचा घाम, सगळं. एक खरा शब्द बोलायचा आणि पोवाचं जांभूळ राहणार. कुणाला कळणार नाही. पण वरच्या रानात त्र्याऐंशी झाडं उभी होती, आणि त्यांना कुणाचा टेकू होता? नळ्या कुजलेल्या, निम्मे बाप मेलेले. ती सगळी झाडं नोथूच्या त्याच एका शब्दावर उभी होती.

ओढा आला. एपो आणि लेमी कुणी न सांगता बाजूला झाल्या आणि आपल्या दगडावर बसल्या. बाकीचे पलीकडे गेले. मुगा पाण्यात मध्येच थांबली.

“मुगा,” लहानगी लेमी म्हणाली, “इथल्या खेकड्यानं आज घर बदललं.”

“कुठला खेकडा?”

“एका नांगीचा. तो त्या मुळाखाली राहायचा. आज ह्या दगडाखाली आहे. पाणी कमी झालं म्हणून.”

“तुला काय माहीत?”

लेमीनं मुगाकडे असं पाहिलं, जसं मुगा शहरी बापांकडे पाहायची. “मी तीन तास इथंच असते ना.”

वर न बसू दिलेल्या या मुलींना खाली येताना कुणी कधी विचारलं नव्हतं, आज ओढ्यानं काय केलं म्हणून.  मुगा पाणी तुडवत पलीकडे गेली. मंडळी वरच्या रानाची वाट सोडून, ओढ्यापलीकडून रस्त्याला लागणाऱ्या पायवाटेनं आधी वळणावर आली.

जांभूळ पिकलेलं होतं. खाली जमीन जांभळी झाली होती, वर पोपटांचा गोंधळ. मूसे आधीच येऊन आपल्या खाचराच्या बांधावर बसली होती, पाठ करून. हीखोनं दारूचा भोपळा खाली ठेवला आणि म्हणाला, “पोवाच्या बापा, ये. हात ठेव.”

थीक्लोत पोर झालं की बाप पोराच्या नावानंच ओळखला जातो. चीदोनं लाल पट्ट्याच्या वर तळवा ठेवला. पोवा त्याच्या शेजारी, ठेवणीतल्या पांढऱ्या झग्यात. तिनंही आपला हात ठेवला. चीदोनं तोंड उघडलं.

“थांब,” मुगा म्हणाली. “आधी मी बोलते.”

“आधी बापानं बोलायचं असतं मुगा.”

“आज आधी मी. नळी बांधताना मी पाहिली. आत काय होतं ते मला आज सकाळी कळलं. आत कापूस होता.”

पोपट तेवढे ओरडत राहिले. मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि त्याचं त्यालाच लागून गप्प झालं.

हीखो हळू म्हणाला, “विचार करून बोल. तुझ्या बोलण्यावर वरचं सगळं रान उभं आहे.”

“म्हणूनच बोलतेय, दादा.”

चीदोचा हात झाडावरून गळून पडला. पोवाचा तिथंच होता. ती एकदा बापाकडे, एकदा आजीकडे बघत होती.

“म्हणजे हे माझं नाही?”

“नाळेचं नाही, बाळा,” मुगा म्हणाली.

“मग कुणाचं आहे?”

“कुणाचंच नाही.”

पोवानं लाल पट्ट्यावरून तळवा फिरवला. “मग एवढी वर्षं मी कुणाकडे येत होते?”

मुगाला बोलायला कधी शब्द कमी पडले नव्हते. मोजणीवाल्याला, मालकाला घाबरणाऱ्या बापांना, सगळ्यांना तिच्याकडे उत्तर असायचं. या नऊ वर्षांच्या पोरीला द्यायला तिच्याकडे काही नव्हतं. 

हीखोनं निवाडा दिला. झाड जाईल, खाचरं राहतील, आणि रानाशी खोटं वागल्याबद्दल चीदोनं एक कोंबडी द्यायची. तेव्हा बांधावरून मूसे पहिल्यांदा वळली. तिचे डोळे लाल होते. ती मुगाकडे आली, पण मुगाशी बोलली नाही, हीखोशी बोलली.

“चार दिवस थांबवा. जांभळं पिकलीत. पोरांना खाऊ द्या.”

चार दिवस थांबवलं. पोवा चारही दिवस तिथं जाऊन बसली. एकही जांभूळ तिनं खाल्लं नाही. एपो आणि लेमी खायच्या, जांभळ्या जिभा काढून एकमेकींना दाखवायच्या, आणि मग पोवाकडे बघून जिभा आत घ्यायच्या. गुरुवारी कुऱ्हाडी नि करवत आली. चीदो सुट्टी वाढवून थांबला होता. पहिला घाव त्यानंच घातला, दुसऱ्या कुणाला घालू दिला नाही.

पोवाला ताप आला नाही. सगळे वाट बघत होते, पण आला नाही. तरी मुगानं त्या संध्याकाळी तिच्या मनगटाला दोरा बांधला. दोरा बांधण्याआधी शिडीच्या पायरीवर भाताचा डाव वाजवून पोराच्या जिवाला घरी बोलवायचं असतं, पोराच्या झाडाकडे तोंड करून. मुगा पायरीवर उभी राहिली, डाव वाजवला, आणि तिला कळेना कुठं तोंड करायचं. वळणाकडे आता नुसतं आभाळ होतं. ती आधी डोंगराकडे वळली, मग ओढ्याकडे, मग खाचरांकडे, चारी बाजूंना वळून वळून हाका मारत राहिली, “ये गं पोवा, पाण्यात असलीस तर पाण्यातून ये, दगडाखाली असलीस तर दगडाखालून ये, घरी भात आहे, ये.” शेजारच्या घरातून मूसेनं हे ऐकलं. ती बाहेर आली आणि तिनंही आपल्या पायरीवर डाव वाजवायला सुरुवात केली. तिनं दोघी नातींची नावं घेतली. त्यांच्यासाठी तिनं यापूर्वी कधी बोलावणं केलं नव्हतं. तोंड कुठं करायचं, हाच आजवर प्रश्न होता.

पुढच्या महिन्यात गुरुवारी मुगा दगडावर चढली, पण तिचा आवाज खालच्या आळीपर्यंत गेला नाही. ‘झाड विचारत होतं’ हे वाक्य तिच्या तोंडून निघेना. “येताय का?” एवढंच विचारायची. दोघांनी फोन उचलला नाही. एकानं विचारलं, “मुगा, माझ्या नळीत तरी...?” “तुझ्या बापाला विचार. मी पाहिलं, ते बांधलेलं पाहिलं,” ती म्हणाली. आणि एक बाई, जिला मुगानं कधीच फोन केला नव्हता, तिचाच उलट फोन आला. “मुगा, तुमच्या पोवालाही झाड नाही म्हणे. मग आमचा पोरगा ओढ्यापर्यंत आला तर चालेल का?”

रविवारी सात कुटुंबं आली. ओढ्यापाशी मुगानं झाडवाल्यांना सांगितलं, “वाट माहितेय तुम्हाला. जा. भात उघडला की खाली या.” ते पुढे गेले. ती वळली. दगडावर एपो होती, लेमी होती, तो नवा पोरगा नि त्याची आई होती, आणि मनगटावर मळलेला दोरा घेऊन पोवा उभी होती. बाजूला चीदो, बूट हातात घेऊन.

“आम्ही कुठं जायचं?” पोवानं विचारलं.

“मला माहीत नाही,” मुगा म्हणाली. मग चपला काढून काठावर ठेवल्या, लुंगी वर खोचली आणि पाण्यात उतरली. “लेमी, तुझा तो एका नांगीचा कुठं आहे?”

लेमीनं तोंडावर बोट ठेवलं. कमरेवर हात, मान पुढे, थेट मुगासारखा भसाडा आवाज काढून ती म्हणाली, “बोलायचं नाही! फोन नाही! भात उघडेपर्यंत नुसतं बघायचं!” आणि चीदोकडे वळून, “तू पण!”

चीदो बसला. लेमीनं पाण्यातल्या एका मुळाकडे बोट दाखवलं. मुगा पाण्यातल्या दगडावर टेकली. पोवा अजून काठावरच होती. बराच वेळ ती वळणावरच्या मोकळ्या आभाळाकडे बघत राहिली. मग आजीच्या शेजारी येऊन, पाय पाण्यात सोडून, लेमीच्या बोटाच्या दिशेनं बघायला लागली.